झेली बार्बाझांची सही

परवा मार्सेयहून एक पत्रकार माझ्या कॅफेत आला. गळ्यात रेशमी रुमाल, बुटांना नवं पॉलिश. आल्या आल्या विचारतो, "बाई, कादंबरीकार झेली बार्बाझां याच गावच्या ना? लहानपणापासून त्या अगदी शांत आणि विचारी होत्या, असं आमच्याकडे सगळे म्हणतात."

मी हातातली किटली खाली ठेवली आणि पोट धरून हसले. शांत! ज्या बाईनं माझ्या कॅफेतल्या एकाही खुर्चीला कधी धड बूड टेकवलं नाही, ती शांत! मी त्याला खरं काय ते सांगायला लागले, तर थोड्याच वेळात त्याची पेन्सिल थांबली. त्याला तिच्या कादंबऱ्या हव्या होत्या, खाणींतून आणि बंदरांवरून तिनं पाठवलेल्या बातम्या हव्या होत्या, बाईमाणसाचं नाव पेपरच्या पहिल्या पानावर कसं आलं ते हवं होतं. तिच्या भावाचा विषय निघाला तसा त्यानं कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि गाडीची वेळ झाली म्हणाला. भावाला वगळून झेलीची गोष्ट होतच नाही. म्हणून ती मीच सांगते.

आमचं मोंसेरग गाव टोप्यांचं. ओद नदीच्या काठी रुकेरोलचा कारखाना आहे. एका फाटकातून सशाची कातडी गाड्या भरभरून आत जातात आणि दुसऱ्या फाटकातून फेल्टच्या, म्हणजे त्या केसांच्या घट्ट दाबलेल्या कापडाच्या टोप्या बाहेर येतात. झेलीचा बाप तिथेच होता, तिचा भाऊ इझिदोर तिथेच होता, आणि माझा नवराही जिवंत होता तोवर तिथेच होता. झेली आणि मी नन्सच्या शाळेत एका बाकावर बसायचो. म्हणजे मी बसायचे. "बार्बाझां, तुझ्या अंगात मुंग्या शिरल्यात का?" असं सिस्टर ओरडली की ही म्हणायची, "हो सिस्टर, दाखवू?" मग दिवसभर कोपऱ्यात उभी. ते तिला आवडायचंच.

कारकासोनला मास्तरीण व्हायला गेली, ते अर्ध्यात सोडलं. तूलूझला एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली, तिथे मालकाशी भांडली. मग पॅरिस. तिथे आरसे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या खोलीत राहून तिनं दोन कादंबऱ्या लिहिल्या. छापूनही आल्या, स्वतःच्या नावानं, पण त्या घेतल्या कुणी नाहीत. त्यातली एक मला तिनं भेट दिली होती. माझ्या मागच्या खिडकीची झडप वाऱ्यानं आपटायची, ती त्या पुस्तकानं कित्येक वर्षं धरून ठेवली. चांगली जाड होती. आई आजारी म्हणून झेली गावी आली, आई गेली आणि ही राहिली. पण राहिली कसली? पायाला भिंगरी लावल्यासारखी दिवसभर पुलावरून इकडून तिकडे. पाव चालता चालता खायची. लिहायची ती माझ्या काउंटरपाशी उभी राहून, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत.

"अगं, बस ना बाई! माझंच डोकं गरगरायला लागलंय," मी म्हणायचे.

"युलाली, बसले की वाक्यही बसतं," ती म्हणायची, "आणि मग उठत नाही."

माझ्या कॅफेच्या समोर ‘ओदची हाक’ या पेपरचं ऑफिस. संपादक कास्तान्ये. माणूस गोड बोलणारा आणि सगळ्यांना भिणारा. त्यानं झेलीला दोन कामं दिली. टोप्यांच्या फॅशनवर आठवड्याला काहीतरी लिहायचं, आणि रोज थोडी थोडी छापायची कादंबरी. पण कादंबरीवर नाव तिचं नाही, ‘बॅरन द ला तुरेल’ असं. हा बॅरन पेपरच्या मालकीचा होता. आधीचा बॅरन म्हणजे खरं तर पोस्टातला कारकून, तो न्यूमोनियानं गेला होता. त्याच्याआधी कुणी एक गावठी वकील होता. माणसं बदलायची, बॅरन तोच. गावातल्या बायकांना वाटायचं की बॅरन पॅरिसात राहतो, त्याच्या मिशा रुपेरी आहेत आणि एका राजकन्येनं त्याचं हृदय मोडलंय.

आमच्याकडे पेपर वाचायची रीत ठरलेली. पहिल्या पानाच्या तळाशी एक आडवी रेघ. रेघेच्या वर मंत्री, भाव आणि भांडणं. ते पुरुषांचं. रेघेच्या खाली बॅरनची कादंबरी, ती बायकांची. पुरुषांचं वाचून झालं की बायका कात्रीनं तो खालचा पट्टा कापून घेतात, आणि असे पट्टे दोऱ्यानं शिवून घरीच पुस्तक करतात. जिला वाचता येत नाही ती धुण्याच्या घाटावर दुसरीकडून ऐकते, पण पट्टे तीसुद्धा शिवते. कुठल्याही पुरुषानं बॅरन वाचल्याचं मला आठवत नाही. कास्तान्येसुद्धा फक्त जागा भरली का एवढंच बघायचा.

आता इझिदोर. तो कारखान्यातल्या ‘गुपिता’त काम करायचा. तिथे सशाच्या कातड्यांना कसलंसं पाणी ब्रशनं लावतात म्हणजे केस एकमेकांना धरतात. ते पाणी कशाचं, हे पूर्वी मालक कुणाला सांगत नसत, म्हणून त्या खोलीचं नावच गुपित पडलं. त्यात काम करणाऱ्यांचे हात पुढे पुढे थरथरायला लागतात. सगळं गाव म्हणे, टोपीवाले पितात. त्यांच्या बायकाही तेच म्हणत.

एका रविवारी चर्चनंतर झेली भावाकडे जेवायला निघाली, मी तिच्याबरोबर होते. बघतो तर इझिदोर चांगला कोट घालून स्वतःच्याच उंबऱ्यावर बसलेला, आणि वरच्या खिडकीत त्याची बायको फेर्नांद.

"फेर्नांद, दार उघड," झेली म्हणाली.

"उघडते की! आधी त्याची उतरू दे. सूप सांडलंन पोरीच्या मांडीवर. कढत सूप!"

"तो प्यालेला नाही."

"तू पॅरिसात राहून आलीस, तुला जास्त कळतं बाई. सगळी गल्ली ओळखते ते हात."

मी म्हटलं, "फेर्नांद, माझ्याकडे तो एकच पेला घेतो आणि त्यावर तास काढतो."

"तुझीच तर दारू, तू दुसरं काय सांगणार!"

इझिदोर मान खाली घालून म्हणाला, "जाऊ दे ना झेली. प्यालोय मी. कशाला तमाशा?"

झेली त्याच्या हातांकडे टक लावून बघत होती. एकदम तिनं त्याचा जबडा धरला आणि ओठ वर केला, बाजारात घोड्याचा करतात तसा. हिरड्या काळपट, दात हलणारे. परत येताना ती इतकी भरभर चालत होती की मला धाप लागली. "युलाली, पॅरिसला माझ्या खोलीखाली आरशांना मागून पारा लावायचे. तिथल्या प्रत्येकाचे हात असेच व्हायचे, तोंड असंच व्हायचं. तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं की हा पारा आहे. आणि इथे आपण आपल्याच माणसांना दारुडे म्हणतोय!" ती रडत होती आणि चालत होती, दोन्ही एकदम.

तिनं बातमी लिहिली. कास्तान्येनं ती वाचली, पुन्हा वाचली आणि तिच्या हातात परत दिली. मी तेव्हा ऑफिसात कॉफी घेऊन गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"बाई, फारच सुंदर लिहिलंय. म्हणून तर छापता येत नाही. शेवटच्या पानावर कुणाची जाहिरात असते? रुकेरोलची. अख्खं पान. आणि खाली सही कुणाची टाकू? झेली बार्बाझां? बाईमाणूस बातमी लिहीत नाही. बाईमाणूस टोपीवर कुठलं पीस शोभतं ते लिहितं."

"साहेब, माणसं मरताहेत."

"मरतात हो, सगळीकडे मरतात. तुम्ही आपली काउंटेस सांभाळा."

काउंटेस म्हणजे तेव्हा चालू असलेल्या कादंबरीची नायिका. दुष्ट काकानं तिला बुरुजात कोंडलं होतं. झेली माझ्या काउंटरपाशी आली, काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या, माझे धुतलेले पेले उगाच इकडचे तिकडे केले, आणि म्हणाली, "रेघेच्या वर येऊ देत नाहीत काय? ठीक आहे. रेघेच्या खाली कोण बघतंय?"

आणि काय सांगू! दोन दिवसांत काउंटेस बुरुजातून निसटली ती थेट टोप्यांच्या गावात, बाप्तिस्तें नावाच्या टोपीवाल्याच्या घरी भाड्यानं राहायला. त्याचे हात थरथरतात. त्याची बायको त्याला दारुडा म्हणून घराबाहेर काढते. मग काउंटेस तिला शिकवते की नवरा झोपेत असताना त्याच्या हिरड्या बघ, दात हलवून बघ, तोंडाला तांब्याच्या नाण्यासारखा वास येतो का बघ. पारा म्हणजे काय, तो अंगात कसा शिरतो, सगळं त्या काउंटेसनं सांगितलं. हे उमरावांच्या पोरीला कुठून ठाऊक, असं कुणीही विचारलं नाही.

मग आमच्या गावातल्या बायकांनी नवऱ्यांची तोंडं उघडायला सुरुवात केली. पुरुष वैतागले. माझ्याकडे येऊन म्हणत, "युलाली, बायकांना झालंय काय? मी घोरायला लागलो की माझी बायको तोंडात बोट घालते!" घाटावर कपडे आपटताना दुसरा विषय नव्हता. फेर्नांदला वाचता येत नव्हतं, ती ऐकायची. एक दिवस धुणं तसंच टाकून माझ्याकडे आली, हात ओलेच. "युलाली, त्याचे दात हलतात गं. अगदी बाप्तिस्तेंसारखे." त्या दिवसापासून तिनं इझिदोरला बाहेर बसवलं नाही. त्याला ती चमच्यानं सूप भरवायला लागली. झेलीला मी हे सांगितलं तर तिनं मला उचलून गिरकी घेतली, आणि मी काही हलकी बाई नाही.

पण बॅरन मालकाच्या घरीही पोचायचाच. रुकेरोलच्या बायकोनं जेवताना नवऱ्याला विचारलं म्हणे, "अहो, आपल्याकडे पारा वापरतात का हो?" रुकेरोलच्या घशात बदकाचा तुकडा अडकला. त्याच दुपारी कास्तान्येला बोलावणं गेलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. झेलीला म्हणाला, "बाप्तिस्तें चोरून पितो असं उद्या निघालं पाहिजे. पाद्र्यापुढे कबुली आणि मग मरण. कादंबरी खलास."

"मी लिहिणार नाही."

"नका लिहू. बॅरन तुमचा नाही, माझा आहे."

आणि त्यानं स्वतःच लिहिलं. जिन्याखाली लपवलेली बाटली, गुडघे टेकून कबुली, बायकोचा हंबरडा, मरण. खाली सही बॅरन द ला तुरेल. माणूस भित्रा होता, पण लिहिलं छान, हे कबूल करायला हवं. बायका घाटावर ढसाढसा रडल्या. फेर्नांद पळत घरी गेली आणि तिनं जिन्याखालचं सगळं सामान उपसलं. एक व्हिनेगरची बाटली सापडली. तिला तेवढी पुरे झाली. छापून आलंय म्हटल्यावर खोटं कसं असेल? रात्रीच्या जेवणाआधी इझिदोर पुन्हा उंबऱ्यावर.

झेली घाटावर धावत गेली. मी मागोमाग. ती ओरडली, "ते मी लिहिलेलं नाही! शेवटचं मी लिहिलेलं नाही! बॅरन मी आहे!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं म्हटलं, "तू बॅरन? मग मी पोपची मावशी!" आणि सगळा घाट हसून हसून ओला झाला. मी शपथेवर सांगितलं, तर मलाही हसल्या. टोपीवाल्या बार्बाझांची पोर, जिची कादंबरी माझ्या खिडकीला लावलेली, ती बॅरन! त्यांना त्यांचा रुपेरी मिशांचा माणूस हवा होता. झेलीचं तोंड असं झालं की मला त्या बायकांच्या डोक्यात धोपाटणं घालावंसं वाटलं.

त्यानंतर ती झोपली नसावी. मला म्हणाली, "माझं नाव नसलं तर माझ्या खऱ्याला कोण विचारतंय? आता सहीच करणार." कारकासोनला जाऊन तिनं एक पत्रक छापून आणलं. रुंदी मुद्दाम पेपरातल्या पट्ट्याएवढीच, म्हणजे बायकांना ते पुस्तकात शिवता यावं. त्यात ना काउंटेस होती, ना बाप्तिस्तें. सुरुवातच अशी: ‘माझा भाऊ इझिदोर बार्बाझां रुकेरोलच्या कारखान्यात गुपितात काम करतो. तो दारुडा नाही. त्याला पाऱ्यानं आजारी पाडलंय.’ आणि शेवटी ठसठशीत अक्षरांत झेली बार्बाझां.

मी म्हटलं, "झेली, इझिदोरला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? त्याच्याच भल्याचं आहे."

"तरी पण, नाव त्याचं आहे."

"नाव नसलं की काय होतं ते बघितलंस ना घाटावर!" असं म्हणून ती गेलीसुद्धा. चर्च सुटल्यावर तिनं ती पत्रकं प्रत्येक बाईच्या हातात कोंबली.

या वेळी कुणी हसलं नाही. बॅरनची गोष्ट म्हणजे गोष्ट. पण इझिदोर त्यांच्या गल्लीतला माणूस, त्याचे हात त्यांनी रोज पाहिलेले. सोमवारी बायका कारखान्याच्या फाटकावर गेल्या, पोरांना घेऊन आणि तोंडाला येईल ते बोलत. तूलूझच्या पेपरानं पत्रक उचललं, मग मार्सेयच्या. डॉक्टर आले. रुकेरोलला गुपिताच्या भिंतीत खिडक्या पाडाव्या लागल्या, आणि तिथे पाळीपाळीनं माणसं लावायचं कबूल करावं लागलं. आज आमच्याकडची तरुण माणसं भरलेला पेला न सांडता उचलतात, ते त्यामुळे. हे झेलीचं आहे, ते कुणी तिच्याकडून काढून घेऊ नये.

मार्सेयच्या पेपरानं तिला तारेनं बोलावलं. पगारी बातमीदार, सही स्वतःची. ती तार हातात घेऊन ती माझ्या कॅफेत नाचत होती, तेवढ्यात इझिदोर आत आला. मागे फेर्नांद, आता त्याचा हात धरून, डोळे पुसत. त्याच्या काखेत कामाचा गुंडाळलेला एप्रन होता.

"इझिदोर, बघ! पहिल्या पानावर…"

"मला काढलं," तो म्हणाला. "मुकादमानं एप्रन हातात दिला. आजारी माणूस इथे नको म्हणाला."

"मग दुसरीकडे जा. कारकासोनला, तूलूझला. टोप्यांचे कारखाने काय कमी आहेत?"

"तुला त्या रविवारी म्हणालो होतो ना, प्यालोय म्हणून?"

"शरमेपोटी म्हणाला होतास तू."

"शरम कसली! म्हातारा पेरोल आठवतो? त्यानं मुकादमाला सांगितलं, हात कापतात, बरं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी कायमचा घरी पाठवला त्याला. तेव्हा आम्ही गुपितातल्या सगळ्यांनी ठरवलं. दारुड्याला मुकादम शिव्या घालतो आणि कामावर ठेवतो. आजाऱ्याची कीव करतो आणि काढून टाकतो. मग तोंडात घोट धरायचा, थोडा सदऱ्यावर सांडायचा आणि आत जायचं. बायकांनाही सांगायचं नाही, कारण घाटावर गेलेली गोष्ट फाटकावर पोचते."

फेर्नांद मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे मी तुला उगाच…"

"उगाच नाही. तू ओरडायचीस म्हणून मुकादमाला पटायचं."

"तू मेला असतास, इझिदोर!" झेली किंचाळली.

"असतो. पण टोपीवाला म्हणून मेलो असतो. तूलूझपर्यंतच्या प्रत्येक मुकादमानं तुझा कागद वाचलाय. बाकीच्यांची नावं त्यात नाहीत, ते कामावर आहेत, खिडक्या उघड्या टाकून. झेली, तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पण खाली तुझं नाव छापायचं म्हणून तू वर माझं छापलंस."

झेलीनं ती तार मुठीत चुरगाळली. मला तिला मिठीत घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. फेर्नांद उठली, तिनं नवऱ्याचा एप्रन घेतला आणि त्याला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं झेली मार्सेयला गेली. ती पुन्हा आली नाही. येईन येईन म्हणते, पण आधी खाणीत जायचं असतं, मग बंदरावर, मग आणखी कुठे.

इझिदोर आता नदीच्या बांधावर कालव्याची दारं उघडतो आणि लावतो. टोपी डोक्यावर घालत नाही. मार्सेयचा पेपर मी मुद्दाम मागवते. झेलीचा लेख असला की तो दुपारी येतो, काउंटरपाशी उभा राहून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि वाचताना तिच्या नावावर अंगठा ठेवून ते झाकून धरतो. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "वाचतोस तर सगळं, मग तेवढं नाव का झाकतोस रे?"

"मजकूर चांगला असतो गं तिचा," तो म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.